अठराशे कोटींचा खेळ आणि न्हाणीघराचे दार



गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांमध्ये साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्र होते. वय ७८, अक्षर अजूनही फळ्यावर लिहिल्यासारखे टपोरे. त्यांच्या नातवाचा सोळावा वाढदिवस जवळ आला आहे आणि त्याने आजोबांकडे एक व्हिडिओ गेम मागितला आहे. किंमत पाच हजारांच्या आतबाहेर. गुरुजी लिहितात, "पैशांचा प्रश्न नाही. पण आपण काय विकत घेऊन देत आहोत, हेच मला कळत नाही. पत्ते, कॅरम आणि बुद्धिबळ यांपलीकडे मी काही खेळलेलो नाही. मी त्याच्या हाती पुस्तक ठेवतो आहे की तंबाखूची पुडी?"

गुरुजी, हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी आला असता तर मी एका वाक्यात उत्तर देऊन मोकळी झाले असते: मुळीच देऊ नका, त्यापेक्षा सायकल द्या. चाळीस वर्षे रुग्ण तपासलेल्या बाईला असे एका वाक्यातले सल्ले देण्याची खोड जडलेली असते. पुढे नाशिकला भावाच्या घरी जे पाहिले, त्याने ती खोड थोडीफार मोडली. ते मी सांगणारच आहे. परंतु त्याआधी ह्या व्यवसायाचा आकार सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचे नीट उमगणार नाही.

चित्रपटांच्या जगात शेकडो कोटी ओतून काढलेला चित्रपट असतो आणि चार मित्रांनी उसनवारी करून काढलेलाही असतो. खेळांच्या जगात हे अंतर त्याहून मोठे आहे. तेथे अवाढव्य खर्चाच्या खेळांना 'ट्रिपल ए' म्हणतात. असा एक खेळ घडवायला खर्च किती येतो, हे कंपन्या सहसा सांगत नाहीत. परंतु २०२३ साली अमेरिकेतील एका खटल्यात सोनी कंपनीची कागदपत्रे न्यायालयात सादर झाली. त्यांतील गोपनीय आकड्यांवर काळी शाई फिरवलेली होती. ती पुरेशी गडद नव्हती, आणि जे झाकायचे होते तेच साऱ्या जगाने वाचले. 'द लास्ट ऑफ अस' ह्या खेळाच्या २०२० साली आलेल्या दुसऱ्या भागाला सुमारे २२ कोटी डॉलर लागले होते आणि काम ऐन भरात असताना सुमारे २०० माणसे पूर्णवेळ त्यावर राबत होती. त्या वेळच्या दराने हे सुमारे १८०० कोटी रुपये होतात. आपल्या चांद्रयान-३ मोहिमेचा खर्च ६०० कोटींच्या आसपास होता, हे आठवले की आकड्याचा अंदाज येतो.

एवढा पैसा कोणी का घालतो? कारण कधीकधी तो छप्पर फाडून परत येतो. २०१३ साली आलेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या पाचव्या भागाने पहिल्या तीन दिवसांतच १०० कोटी डॉलरची विक्री केली. पण पैसा बुडतो तेव्हाही त्याच मापाने बुडतो. 'कॉन्कॉर्ड' नावाचा असाच एक मोठा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आला आणि खेळायला माणसेच फिरकली नाहीत म्हणून ६ सप्टेंबरला मागे घेतला गेला. ग्राहकांना पैसे परत मिळाले. तो घडवणारी संस्थाही पुढे महिन्या-दोन महिन्यांत बंद झाली. कित्येक वर्षांचे काम दोन आठवड्यांत मावळले. त्या माणसांच्या घरी त्या दिवाळीच्या सुमारास काय वातावरण असेल, असा विचार मनात येऊन गेला.

इतकी मोठी जोखीम डोक्यावर असली की कंपनी वेगळे धाडस करायला धजत नाही. ज्याने आधी पैसा दिला तेच पुन्हा देते. म्हणून मोठ्या खेळांचा नायक बहुधा धडधाकट, हाती शस्त्र असलेला. म्हातारे माणूस आले तर ते बहुधा उपदेश करायला, वस्तू विकायला किंवा दुसऱ्याच प्रसंगात मरून नायकाला सूड घेण्याचे कारण पुरवायला. दुकान चालवणाऱ्याने खपणारा माल ठेवला म्हणून त्याला दोष देता येत नाही. मात्र त्या दुकानात आपल्यासारख्यांच्या आयुष्यातले काही मिळेल, ही अपेक्षा धरू नये.

आता नाशिक.

माझी आई तेव्हा ८४ वर्षांची होती आणि तिची स्मृती क्षीण होत चालली होती. निदान झाले होते, औषधे चालू होती, सारा भार वहिनीवर होता. दिवसा आई बरी असे. रात्री मात्र उठून बसे, घरभर फिरे आणि न्हाणीघर न सापडल्यामुळे कपडे ओले होत. चाळीस वर्षे त्याच घरात राहिलेली बाई. माझा भाचा तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याची खोली पॅसेजच्या टोकाला, म्हणजे आईच्या रात्रीच्या वाटेवरच. एकदा मी तेथे असताना तो त्रासून म्हणाला, "आत्या, आजी मुद्दाम करते. संध्याकाळी बरोबर जाते ना? मग रात्रीच कसं विसरते?" वहिनी काही बोलल्या नाहीत. मी त्याला मेंदूतील बदल, अंधारात होणारा दिशाभ्रम वगैरे समजावले. त्याने मान डोलावली; व्याख्यान संपण्याची वाट पाहणारी माणसे डोलावतात तशी.

मी वहिनींना त्याआधी दोनदा फोनवरून सांगितले होते: पॅसेजमध्ये रात्री मंद दिवा ठेवा, न्हाणीघराचे दार उघडे ठेवा, दारावर डोळ्यांच्या उंचीवर मोठ्या अक्षरात पाटी आणि चित्र लावा. घरी गेले तेव्हा ह्यांतले काहीच झालेले नव्हते. मी रागावले नाही. दिवसभर खस्ता खाणाऱ्या बाईला दूरवरून सल्ले देणाऱ्या नणंदेने रागावू नये, एवढी अक्कल मला वयाने दिली आहे.

त्यानंतरच्या एका शनिवारी भाच्याने संगणकावर एक लहानसा खेळ उतरवला. त्याचे नाव 'बिफोर आय फर्गेट'. ब्रिटनमधील चेला रामानन आणि क्लेअर मॉरवुड ह्या दोन स्त्रियांनी तो घडवला आणि २०२० साली प्रसिद्ध केला. मनोविकारांची जाण असलेल्या डॉक्टरांचे त्यांना साहाय्य होते. खेळाची नायिका सुनीता, भारतीय वंशाची खगोलशास्त्रज्ञ. तिला अकाली स्मृतिभ्रंश झाला आहे. खेळ सुरू होतो तेव्हा तिचे घर रंगहीन असते. एखादी वस्तू हाती घेतली, जुने काही आठवले, की तेवढ्यात रंग भरतो. शत्रू नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही. तासाभरात खेळ संपतो.

त्यात एक प्रसंग आहे. सुनीताला न्हाणीघरात जायचे आहे. ती दार उघडते, तर आत कपाट. दुसरे दार उघडते, तर पुन्हा तेच कपाट. खेळणारा माणूस तिच्या डोळ्यांनी पाहत असतो, त्यामुळे चूक आपलीच झाली असे समजून तो परत फिरतो, दुसरीकडे जातो, आणि पुन्हा कपाटच. अखेर तिला वेळेवर दार सापडत नाही.

भाचा त्यावर काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो बाजारातून रात्रीचे दोन दिवे घेऊन आला आणि पॅसेजच्या प्लगांमध्ये लावले. न्हाणीघराच्या दारावर त्याने लाल कागदावर मोठ्या अक्षरात पाटी चिकटवली. शेजारच्या अडगळीच्या खोलीचे दार, जे आई नेमके उघडत असे, त्यावर भिंतीच्याच रंगाचा पडदा सोडला. ही पडद्याची युक्ती माझ्या यादीत नव्हती, ती त्याची. नको ते दार दिसूच नये, हे त्याला खेळातल्या कपाटाने शिकवले.

ह्याने चमत्कार झाला असे मी सांगणार नाही. रात्रीचे प्रसंग कमी झाले, थांबले नाहीत. आजार त्याच्या गतीने पुढे गेला आणि आई त्यानंतर १४ महिने होती. पण "मुद्दाम करते" हे शब्द त्या घरात पुन्हा ऐकू आले नाहीत, आणि रात्री दोनला आईचा हात धरणारे आणखी एक माणूस वहिनींना मिळाले. रुग्णाची काळजी घेणाऱ्यांना ह्याचे मोल वेगळे सांगायला नको.

मी स्वतः नंतर तो खेळ पाहिला आणि बराच वेळ एका गोष्टीचा विचार करीत राहिले. १८०० कोटी रुपये आणि २०० माणसे हाताशी असलेली कंपनी हा प्रसंग केंद्रस्थानी ठेवून खेळ काढू शकली असती का? तंत्राच्या दृष्टीने सहज. पण असा खेळ लक्षावधींना खपवायचा कसा, ह्या प्रश्नापाशी तो पहिल्याच बैठकीत संपला असता. दोन बायांना लक्षावधी ग्राहकांची गरज नव्हती. म्हणूनच त्या एका म्हाताऱ्या प्रश्नापाशी तासभर थांबू शकल्या.

ह्या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक थर आहे, मध्यम आकाराच्या संस्थांचा. मला स्वतःला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. कॅनडातील मॉन्ट्रियलच्या 'थंडर लोटस' ह्या संस्थेचा 'स्पिरिटफेअरर' हा २०२० सालचा खेळ घ्या. त्यात स्टेला नावाची मुलगी एका नौकेवरून मृतांच्या आत्म्यांना पैलतीरी नेते. तोवर त्यांची सरबराई हेच तिचे काम: कोणाला काय आवडते ते रांधायचे, राहायला खोली बांधून द्यायची, ऐकून घ्यायचे. मिठी मारण्यासाठी खेळात स्वतंत्र सोय आहे. त्यातील एक वृद्धा हळूहळू विसरू लागते आणि स्टेलालाच आपली मुलगी समजू लागते. ज्यांना आपल्याच आईने कधी "आपण कोण?" असे विचारले आहे, त्यांनी हा भाग एकट्याने पाहू नये. शेवटी प्रत्येकाला निरोप द्यावा लागतो, आणि निरोपाची वेळ कोणती हे पाहुणा ठरवतो, आपण नव्हे.

दुसरा नमुना इंग्लंडमधील केंब्रिजचा. 'निंजा थिअरी' ह्या संस्थेने २०१७ साली 'हेलब्लेड' काढला तेव्हा त्यावर जेमतेम वीस माणसे होती. त्याची नायिका सेनुआ हिला कानात आवाज येतात. ते चित्रण खरे उतरावे म्हणून केंब्रिज विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ पॉल फ्लेचर आणि स्वतः तो अनुभव घेतलेली माणसे ह्यांची मदत घेतली गेली. हा खेळ हिंसक आहे, अंधारा आहे. आपल्या वयाच्या कोणी तो हाती घ्यावा असे मी म्हणणार नाही. परंतु कानाला हेडफोन लावून नातवाशेजारी पाच मिनिटे बसा. छिन्नमनस्कतेच्या रुग्णाला "दुर्लक्ष कर त्या आवाजांकडे" असे सांगणे किती पोकळ असते, हे मला जे पाठ्यपुस्तकांनी सांगितले नव्हते, ते त्या पाच मिनिटांनी सांगितले. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती संस्था विकत घेतली. मधल्या थराचे असे होत राहते. नाव झाले की मोठा मासा गिळतो. गिळल्यानंतरही काही जण चांगले काम करतात, परंतु मधली जागा मात्र रिकामी होते.

आपल्या पुण्यातही असे धडपडणारे आहेत. 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या पुण्याच्या छोट्या चमूने पहाडी चित्रशैलीचा आधार घेऊन 'राजी' हा खेळ २०२० साली काढला. लोकवर्गणीचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता. तरी तो पुरा झाला. त्यातही लढाई भरपूर आहे, पण देवळे, महाल आणि छायाबाहुल्यांचे प्रवेश पाहत बसावेसे आहेत.

येथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे लहान ते सोज्ज्वळ आणि मोठे ते वाईट. तसे नाही. आधी मोठ्यांच्या बाजूचे सांगते. ज्या १८०० कोटींच्या खेळाचा उल्लेख केला, त्याच खेळात अंध, कर्णबधिर आणि हात नीट न चालणाऱ्या व्यक्तींसाठी साठांहून अधिक सोयी आहेत. अक्षरे मोठी करता येतात, एका हाताने खेळता येते, पडद्यावर काय आहे ते वाचून दाखवले जाते. दोनशे माणसांच्या संस्थेला हे परवडते. उलट लहान खेळांतली अक्षरे पुष्कळदा इतकी बारीक असतात की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही मला भिंग घ्यावे लागले. मराठी तर बहुतेक ठिकाणी नाहीच.

आणि 'लहान' कशाला म्हणायचे, हाही प्रश्नच आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर एखादा रंगीत गोळ्या जुळवण्याचा खेळ असतो. फुकट मिळतो, दिसतो बालिश, दोन मिनिटांत एक डाव. हा लहान खेळ वाटतो ना? त्या जातीतला सर्वांत प्रसिद्ध 'कँडी क्रश' २०१२ साली आला. तो काढणारी कंपनी २०१६ साली ५९० कोटी डॉलरना विकली गेली आणि २०२३ पासून ती मायक्रोसॉफ्टच्या छत्राखाली आहे. म्हणजे आजीच्या मोबाईलमधला हा चिमुकला खेळ नातवाच्या पाच हजारी खेळाहून मोठ्या पेढीचा आहे. त्याची रचनाही पाहण्याजोगी आहे. खेळणाऱ्याला पाच 'जीव' मिळतात. हरले की एक जातो आणि नवा मिळायला अर्धा तास लागतो. धीर नसेल तर पैसे मोजा. मोठ्या खेळात एकदा पाच हजार मोजले की निदान हिशेब मिटतो; काही मोठे खेळ तेथेही पुन्हापुन्हा हात पसरतात, ते वेगळे. फुकटच्या खेळांत तर हिशेब सुरूच तेथून होतो. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली.

माझे एक जुने रुग्ण, वय ७१, पत्नीच्या निधनानंतर अशाच कुठल्याशा फळे जुळवण्याच्या खेळाला लागले. साखळी तुटू नये म्हणून मध्यरात्री उठून खेळत. झोपेची तक्रार घेऊन ते माझ्याकडे तिसऱ्यांदा आले, तेव्हा कोठे मला मोबाईलबद्दल विचारायचे सुचले. तोवर मी गोळ्यांची मात्रा बदलत बसले होते. चूक माझी. खेळ काढून टाका असे मी सांगितले नाही, कारण त्या घरात रात्री बोलणारे दुसरे कोणी नव्हते. सकाळी सातनंतरच खेळायचे, एवढे ठरवले. ते त्यांनी बहुतांशी पाळले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून खेळाच्या विकाराला स्थान मिळाले आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी साऱ्या आयुष्यापेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, हे साधारणपणे बारा महिने दिसावे लागते. नातू रविवारी चार तास खेळला म्हणजे आजारी झाला, असे नव्हे. तो जेवायला उठतो का, शाळेत जातो का, मित्रांत रमतो का, हे पाहावे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा निराळाच विषय. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांच्यावर बंदी आली आहे, आणि बरे झाले.

आणखी एक सापळा खास आपल्या वयासाठी विणलेला आहे: "हा खेळ खेळा, स्मृतिभ्रंश टाळा." अमेरिकेत 'ल्युमोसिटी' नावाचे मेंदूच्या व्यायामाचे खेळ अशाच दाव्यांवर विकले जात. पुरेसा शास्त्रीय आधार नसताना असे दावे केल्याबद्दल तेथील व्यापार आयोगाने २०१६ साली त्या कंपनीला २० लाख डॉलर भरायला लावले. असली जाहिरात दिसली की मोबाईल खाली ठेवावा. ह्याचा अर्थ खेळांचा मेंदूवर काहीच परिणाम होत नाही, असा नाही. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ६० ते ८५ वर्षांच्या व्यक्तींना मुद्दाम घडवलेला एक खेळ महिनाभरात एकूण बारा तास खेळायला दिला. गाडी रस्त्यावर ठेवायची आणि त्याच वेळी ठरावीक खूण दिसली की बटण दाबायचे. दोन गोष्टी एकदम सांभाळण्याची त्यांची क्षमता वाढली आणि सहा महिन्यांनंतरही ती टिकून होती. हा खेळ कोणत्या दुकानातला नव्हता, प्रयोगशाळेतला होता. आणि त्यानेही स्मृतिभ्रंश टळतो असे ते शास्त्रज्ञ म्हणाले नाहीत.

'सी हीरो क्वेस्ट' ह्या खेळाची गोष्ट तर मला फार आवडते. २०१६ साली लंडनमधील एका छोट्या संस्थेने तो संशोधकांसाठी घडवला. होडी हाकायची, नकाशा लक्षात ठेवायचा, परतीची दिशा ओळखायची, एवढेच. जगभरातील ४० लाखांहून अधिक लोकांनी तो खेळला आणि त्यांच्या वाटा शोधण्याच्या नोंदी संशोधकांच्या हाती आल्या. दिशा हरवणे हे स्मृतिभ्रंशाच्या आरंभीच्या खुणांपैकी एक असल्याने निरोगी माणूस कोणत्या वयात किती चुकतो, हे आधी ठाऊक हवे होते. त्यातून पुढे असेही दिसले की शहराबाहेर वाढलेली माणसे वाटा शोधण्यात सरासरीने सरस ठरतात. माझ्या भावाचे ह्यावर म्हणणे असे, की हे त्याला सिन्नरच्या मामांनी केव्हाच सांगितले होते.

आता ज्यांना स्वतःला खेळून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी वैद्य म्हणून थोडे. ज्या खेळांत आपण पात्राच्या डोळ्यांतून पाहतो आणि दृश्य गरगर फिरते, त्यांत आपल्या वयाला मळमळ आणि चक्कर लवकर येते. चक्कर आली की तोल जातो, तोल गेला की खुबा मोडतो. वरून किंवा बाजूने दिसणारे स्थिर दृश्य आपल्याला मानवते. अपस्माराचा त्रास असेल तर लखलखणाऱ्या प्रकाशाचे खेळ वर्ज्य. हात थरथरत असतील किंवा बोटांचे सांधे धरले असतील, तर ज्यात घाई नाही असाच खेळ निवडावा. आणि मोबाईलवर मान वाकवून बसण्यापेक्षा नातवाला सांगून तो टीव्हीला जोडून घ्यावा.

स्थिर दृश्याचे आणि घाई नसलेले खेळ छोट्या निर्मात्यांकडेच अधिक मिळतात. एरिक बॅरोन ह्या अमेरिकी तरुणाने चित्रे, संगीत, संगणकीय काम असे सारे एकट्याने करून साडेचार वर्षांत 'स्टारड्यू व्हॅली' पुरा केला. तो २०१६ साली आला आणि पुढे त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्याची सुरुवातच अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपासून होते. ते नातवंडाला एक बंद पत्र देतात, आणि पुढे तेच नातवंड नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर राहायला जाते. पेरणी, पाणी, गुरे, शेजारपाजार. मात्र ह्याचेही एक आहे: शेतातला दिवस सुमारे पंधरा मिनिटांचा, आणि "आता एवढा एक दिवस" म्हणता म्हणता रात्र सरते. त्याला शेवट असा नाही. रुग्णाजवळ बसून वेळ काढणाऱ्यांनी त्यात शिरावे, पण घड्याळ समोर ठेवून.

शेवट असलेला, तासा-दीड तासाचा खेळ हवा असेल तर 'वेणबा' पाहावा. टोरोंटोतील एका छोट्या संस्थेने २०२३ साली काढलेला हा खेळ १९८०च्या दशकात तामिळनाडूहून कॅनडात गेलेल्या एका जोडप्याचा आहे. आईने दिलेल्या पाककृतींच्या वहीची पाने फाटली आहेत, अक्षरे पुसली आहेत, आणि उरलेल्या खुणांवरून इडली कशी करायची ते ओळखायचे. इडलीपात्रातील थाळ्या कशा रचायच्या, हेच त्यातले कोडे. मुलगा शाळेत जाऊ लागतो, मग तमिळ बोलायला लाजू लागतो, मग फोन करीनासा होतो. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांना पुढचे सांगायची गरज नाही.

भाचा हा खेळत होता तेव्हा आई त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. समोर काय चालले आहे ते तिला कळत असेल असे आम्हा कोणालाच वाटले नव्हते. इडलीची थाळी पडद्यावर आली आणि आई म्हणाली, "आधी तेलाचा हात फिरव रे, नाहीतर चिकटतील." त्या आठवड्यातले तिचे ते सर्वांत सलग वाक्य होते. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. भाच्याने खेळ थांबवला आणि विचारले, "किती तेल, आजी?" ती म्हणाली, "बोटभर."

तर गुरुजी, नातवाला पाच हजारांचा खेळ द्यायचा असेल तर द्या. पुडी नव्हे ती. पण दुकानात जाण्यापूर्वी त्याच्याकडून एवढे जाणून घ्या: वेष्टनावर कोणत्या वयासाठी म्हणून लिहिले आहे, आणि एकदा पैसे दिल्यावर पुन्हा आत पैसे मागतो का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "हो" असेल तर तुमचे कार्ड त्या यंत्रात साठवू देऊ नका. आणि सोबत काही शेकडा रुपयांचा एखादा छोटा खेळ तुमच्या पसंतीने घ्या, दोघांनी मिळून खेळायचा. पहिला तास त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा आणि बटणे त्याला शिकवू द्या. तुम्ही इतकी वर्षे मुलांना शिकवलेत. आता जरा मागच्या बाकावर बसायला हरकत नाही.

वाढदिवस झाला की पत्र पाठवा. खेळ कोणता आणला ते लिहाच, शिवाय नातवाने तुम्हाला पहिल्या दिवशी किती वेळा हरवले तेही लिहा.